शेजारी-शेजारी दोन वाफे: सामुदायिक प्रात्यक्षिक बाग उभी करताना

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीलगत साधारण ५०० चौरस मीटरचा मोकळा तुकडा सार्वजनिक वापरासाठी मिळण्यासारखा आहे. पंधरा-वीस जण उत्साहात आहेत. नुसता बगीचा करायचा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहून बागकाम शिकता येईल अशी प्रात्यक्षिक बाग करायची आहे. सुरुवात कुठून करावी, काय लावावं, माणसं कशी टिकवावीत, निघालेला भाजीपाला कुणाचा आणि उद्घाटन कधी करावं?

यातला ‘काय लावावं’ हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो. बहुतेक मंडळी तिथूनच सुरुवात करतात. रोपवाटिकेत जातात, आवडेल ते उचलतात, दिसायला सुरेख बाग होते आणि तिच्याकडे पाहून कुणी काही शिकत नाही. बगीचा पाहून माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. प्रात्यक्षिक बागेत तो थबकला पाहिजे. ‘अरेच्चा, माझ्याकडे पानं पिवळी पडतात ती यामुळे होय!’ असं त्याच्या तोंडून निघालं पाहिजे. एकट्या वाफ्याकडे पाहून हे होत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा वाफा लागतो, आणि त्या दोघांत फरक एकाच गोष्टीचा असावा लागतो. सगळ्या आखणीचा कणा हाच. बाकीचं त्याभोवती बसवायचं.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाक नावाचं शेत आहे. १८४३ पासून तिथे गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला शेणखत, काहींना वेगवेगळी रासायनिक खतं, आणि एका पट्ट्याला तेव्हापासून आजवर काहीच नाही. काहीच न दिलेल्या त्या पट्ट्यातलं पीक हेक्टरी टनाच्या आसपास रेंगाळतं, पण तो तिथे आहे म्हणूनच बाकीच्या पट्ट्यांकडे पाहण्यात अर्थ आहे. तुमच्या बागेतही असे ‘काहीच न केलेले’ वाफे असतील. लवकरच समितीतलं कुणीतरी म्हणेल, ‘हा कोपरा फार भकास दिसतो, इथे फुलझाडं लावून टाकू.’ तेव्हा नम्रपणे, पण ठाम नकार द्यायचा.

दुसरा दाखला १९०३ सालचा, अमेरिकेतला. सरकारी पैशावर चालणारी नमुन्याची शेतं तिथे आधीपासून होती. शेतकरी येत, पाहत, मान डोलवत आणि घरी जाऊन जुनंच करत. सरकारच्या खर्चानं कुणालाही जमेल, असं त्यांचं म्हणणं. सीमन नॅप या कृषितज्ज्ञांनी टेक्सासमधल्या टेरेल गावी हे उलटं केलं. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातून नव्या पद्धतीनं पीक घेतलं. नुकसान झालंच तर भरून द्यायला गावकऱ्यांनी आधीच निधी उभा केला होता. त्याला हात लावायची वेळ आली नाही, पोर्टरला चांगला नफा झाला. मग शेजारीपाजारी हलले. १९१४ मध्ये अमेरिकेत कृषी विस्तार सेवेचा, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सरकारी सेवेचा, कायदा झाला, त्यामागे याच पद्धतीचा अनुभव होता.

हे सांगायचं कारण असं, की देणगी मिळाली की पहिला मोह महागड्या वस्तूंचा होतो. मोबाइलवरून चालणारं सिंचन, मातीऐवजी वापरायचं आयात केलेलं मिश्रण, तयार चकचकीत वाफे. पाहणारा तिथेच मनातून बाजूला होतो. बागेत जी साधनं वापराल ती साधारणपणे पाहणाऱ्याच्या घरी असतील किंवा सहज येऊ शकतील अशीच ठेवा. दहा लिटरची झारी, खुरपं, फावडं, वाळका पालापाचोळा, घरातला ओला कचरा, रिकामे डबे.

आता काय दाखवायचं ते. जागेच्या कामाला हात घालण्याआधी आसपासच्या लोकांना एकच प्रश्न विचारत फिरा: ‘तुमच्या झाडांचं काय बिघडतं?’ ‘बागेत काय हवं’ हे विचारू नका. त्यावर कारंजं, बाकडी आणि लॉन अशीच उत्तरं येतात. बिघाड विचारला की खरी यादी निघते: रोपं उभी राहतात आणि अचानक माना टाकतात, फुलं गळतात, मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडतो, खत घरी केलं तर वास सुटतो, कुंडीतली माती दगडासारखी होते, सुट्टीत पाणी कोण घालणार. त्यातल्या चार तक्रारी निवडा. प्रत्येकीसाठी दोन वाफ्यांची एक जोडी, म्हणजे आठ वाफे. पहिल्या वर्षी एवढंच. उरलेल्या जागेत ताग किंवा चवळीसारखं जमीन झाकणारं पीक पेरून ठेवा, म्हणजे तण दबेल आणि मातीही सुधारेल. ५०० चौरस मीटर एकदम अंगावर घेतलेल्या मंडळाचं पुढच्या हंगामात तणाचं रान झालेलं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे.

एक जोडी जरा जवळून पाहू: आच्छादनाची. दोन वाफे, प्रत्येकी १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब. एकाच दिवशी, एकाच ट्रेमधली टोमॅटोची रोपं, सारख्या अंतरावर, सारखं कंपोस्ट. एका वाफ्यावर ७ ते ८ सेंटीमीटर जाडीचा वाळका पाला, दुसरा उघडा. पाला खोडाला भिडू द्यायचा नाही, चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओलीनं खोड कुजतं. आणि पाला वरच राहू द्यायचा. मातीत कालवला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि रोपं पिवळी पडतात.

इथवर सगळे येतात. गोची पाण्यापाशी होते. दोन्ही वाफ्यांना सारखंच पाणी द्यायचं की गरजेपुरतं? दोन्ही बरोबर आहे, पण ते दोन वेगळे प्रयोग आहेत. सारखं पाणी दिलं तर फरक पिकात दिसेल. गरजेपुरतं दिलं तर पीक जवळजवळ सारखं येईल आणि फरक पाण्याच्या हिशेबात दिसेल. सुरुवातीला यातलं एकच निवडा. मी दुसरा प्रयोग निवडेन, कारण झाऱ्या मोजणं कुणालाही कळतं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, तिथे कोरडं लागलं तरच पाणी. दिलेल्या प्रत्येक झारीची एक रेघ वाफ्याच्या फळ्यावर ओढायची. भाजीपाल्याला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी हा सर्वसाधारण अंदाज धरतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपला वाफा ३.६ चौरस मीटरचा, म्हणजे आठवड्याला ९० लिटर, दहा लिटरच्या नऊ झाऱ्या. ऊन-वाऱ्यानुसार हा आकडा वर-खाली होतो. पण उघड्या वाफ्याच्या फळ्यावर रेघांची दाटी आणि शेजारच्या फळ्यावर मोजक्या रेघा दिसल्या की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. पाऊस पडला तर तोही फळ्यावर लिहायचा. सरळ बाजूंच्या सपाट बुडाच्या डब्यात पट्टी उभी करून मोजला तरी चालतो.

दुसरी एक जोडी जमिनीवर नाही, टेबलावर मांडायची. तिच्याभोवती नेहमी घोळका जमतो. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडी घालावी हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. दोन पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, वरचा भाग कापा, बुडाला सारखी भोकं पाडा. एकीत पूर्ण माती, दुसरीत तळाला चार बोटं खडी आणि वर तीच माती. दोन्हींत पाणी ओता आणि निथळू द्या. खडीच्या बाटलीत पाणी खडीत उतरायला तयार नसतं. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी जात नाही, ते खडीच्या वरच्या मातीतच साचून राहतं. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही, मुळांच्या आणखी जवळ येतो. बाटलीबाहेरून तो काळपट पट्टा स्पष्ट दिसतो. वादावादीही होते, होऊ द्या. त्याच टेबलाशेजारी ५ लिटरची आणि २० लिटरची अशा दोन कुंड्यांत एकाच जातीचं टोमॅटो लावून ठेवा. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा लोकांना बागेत स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे.

जोडीत फरक एकच ठेवणं हे कागदावर सोपं वाटतं, प्रत्यक्षात मोडतं. कुणीतरी आच्छादनाच्या वाफ्यात सुधारित जातीची रोपं लावतं, कुणी प्रेमापोटी त्यालाच जास्तीचं खत देतं. मग पीक चांगलं आलं ते कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय एक वाफा झाडाच्या सावलीत आणि दुसरा उन्हात असला तरी तुलना गेली. जागा असेल तर महत्त्वाची जोडी बागेत दोन ठिकाणी करा. दोन्हीकडे एकच कौल मिळाला तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जागेबद्दल. सगळ्यात आधी कागद: जागा किती वर्षांसाठी, पाण्याचं बिल कुणाचं, कायमस्वरूपी बांधकाम चालेल का, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. निदान तीन वर्षांचं लेखी आश्वासन नसेल तर फळझाडं लावू नका, हलवता येणाऱ्या पेट्यांत बाग करा. मग ऊन. फळभाज्यांना दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेला चुना टाकून खुणा करा, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असल्यानं सावल्या लांबतात हे धरून चला. इमारतीच्या सावलीतला भाग कंपोस्ट, अवजारांची खोली आणि बसायच्या जागेला द्या. पाण्याचा नळ कुठल्याही वाफ्यापासून फार लांब नको. भरलेली झारी उचलून लांब चालावं लागलं की माणसं पाणी घालणं टाळतात, कितीही उत्साही असली तरी.

मातीची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्याच: सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश. जागेवर पूर्वी इमारत, कारखाना किंवा गॅरेज असेल तर शिसं आणि इतर जड धातूंचीही. जुन्या रंगातलं शिसं मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्याचा मुख्य धोका पालेभाज्या-कंदभाज्यांना चिकटून पोटात जाणाऱ्या मातीचा आणि लहान मुलांच्या हातांचा. अहवाल वाईट आला तर खाली जाड कापड अंथरून बाहेरची स्वच्छ माती भरलेले उंच वाफे करा, किंवा तिथे खाण्याचं काही लावूच नका.

दोन चाचण्या मात्र जागेवर सगळ्यांसमोर करा. पहिली: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थर पट्टीनं मोजा, बरणी तशीच मांडून ठेवा. दुसरी: ३० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते मोजा. तासाला अडीच सेंटीमीटरहून कमी उतरली तर निचरा कमी, तिथे गादीवाफे हवेत. आणि चिकणमातीत वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल उतरून माती मोकळी झाल्याशिवाय, पाऊल ठेवायचं नाही, हे पहिल्याच श्रमदानात सांगून टाका. ओल्या जमिनीत वीस माणसं नाचली की घट्ट झालेली माती पुढे हंगामभर त्रास देते.

जमिनीत हरळी किंवा लव्हाळा ही चिवट तणं असतील तर घाई नको. यंत्रानं नांगरलं की हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, पुठ्ठ्याचा थर भेदून त्याचे कोंब वर येतात. एका हंगामात संपणाऱ्या तणांना पुठ्ठा आणि वर पाला पुरतो, या दोघांना नाही. खणून, वेचून, पुन्हा उगवलं की पुन्हा काढून त्यांची ताकद संपवावी लागते. ज्या भागात ती जास्त आहेत तो भाग पहिल्या वर्षी वाफ्यांसाठी घेऊच नका.

बाहेरून येणारं खत, पेंढा आणि कंपोस्ट यांबाबत मी फार काटेकोर आहे. गवताळ पिकांवर वापरली जाणारी क्लोपिरॅलिड, अमिनोपिरॅलिड यांसारखी काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टच्या ढिगातूनही तग धरून बाहेर पडतात. गवताला त्यांचं काही होत नाही, पण टोमॅटो आणि घेवडा अगदी थोड्या अंशानंही वाकडे होतात. फुकट मिळालेल्या एका गाडीत अख्ख्या बागेचा हंगाम जाऊ शकतो. तपासणी घरच्या घरी होते. आलेलं खत आणि खात्रीची माती सारख्या प्रमाणात मिसळून तीन-चार डब्यांत भरा, तितकेच डबे नुसत्या खात्रीच्या मातीचे घ्या. प्रत्येकात घेवड्याचे तीन-चार दाणे टोचा आणि तीन आठवडे थांबा. पहिली जोडपानं सगळीकडे सारखीच दिसतील, त्यावर जाऊ नका. त्यानंतरची तिपानी पाहा. ती चमच्यासारखी वळलेली, शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या आणि शेंडा पिळलेला असेल तर ती गाडी परत पाठवा. डबे एकमेकांच्या खाली ठेवू नका, एकातून झिरपलेलं पाणी दुसऱ्यात गेलं तर निकाल बिघडतो. ही चाचणी स्वतःच एक उत्तम प्रात्यक्षिक आहे, डबे दाराशी मांडा.

ताज्या शेणखताबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या खाद्य भागांसाठी कच्चं खत काढणीच्या १२० दिवस आधी, न टेकणाऱ्यांसाठी ९० दिवस आधी द्यावं लागतं. शाळेची मुलं येऊन पानं तोडून तोंडात टाकणार असतील त्या बागेत कच्चं खत नकोच. वाफ्यांच्या कडेला जुनं लाकूड वापरताना रेल्वेचे स्लीपर आणि क्रोमियम-तांबं-आर्सेनिकनं प्रक्रिया केलेल्या फळ्या टाळा. विटा, दगड किंवा प्रक्रिया न केलेलं लाकूड बरं.

आखणी करताना आधी वाटा, मग वाफे. वाफा १.२ मीटरहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. भिंतीला लागून असेल तर ६० सेंटीमीटर पुरे. मुख्य वाट दीड मीटर, बाकीच्या निदान ९० सेंटीमीटर, चाकाची खुर्ची जाईल अशा घट्ट आणि सपाट. एखादा वाफा ६० ते ७५ सेंटीमीटर उंचीचा ठेवा, म्हणजे खुर्चीत बसून किंवा गुडघे न वाकवता काम करता येतं. आजी-आजोबा मंडळी त्याच वाफ्याभोवती जमतात, आणि खरं सांगायचं तर बाग रोज चालवणारी माणसं बहुधा तीच असतात. हातात पैसे कमी असतील तर ते पाणी आणि वाटांवर आधी खर्च करा. कमान, नावाचा मोठा फलक आणि रंगरंगोटी शेवटी.

कंपोस्टसाठी तीन कप्पे करा: भरत असलेला, कुजत असलेला, तयार. कप्पा घनमीटरभर असेल तर ढीग तापतो, त्याहून लहान असला तरी खत होतं, पण सावकाश. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं असं सांगितलं की समोरचा घाबरतो. त्यापेक्षा एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन-तीन बादल्या वाळका पाला एवढं सांगा. मूठभर मिश्रण हातात पिळून दाखवा: हात ओला व्हावा, फार तर एखाद-दुसरा थेंब पडावा. धार लागली तर पाला घाला, काहीच ओलं लागलं नाही तर पाणी शिंपडा. लांब दांड्याचा तापमापक ढिगात खोचून ठेवा. ५५ अंश सेल्सिअसच्या वर ढीग काही दिवस टिकला, आणि उलथापालथ करून बाहेरचा भागही आत गेला, की तणाचं बी आणि रोगजंतू बऱ्यापैकी मरतात. हात जवळ नेल्यावर वाफ लागते तेव्हा मुलंच काय, मोठेही दचकतात. पिंपांत साठवलेल्या पाण्यावर मात्र घट्ट जाळी हवीच. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि बागेमुळे डास वाढले ही तक्रार एकदा सुरू झाली की तुमची बाजू ऐकायला कुणी थांबत नाही.

किडींच्या बाबतीत संयम हेच प्रात्यक्षिक. मावा दिसला की कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन धावतं. एक वाफा तसाच सोडा. माव्यामागोमाग तो खाणारे ढालकिडे (लेडीबग) आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या येतात, पण त्यांना थोडे दिवस लागतात. त्या अळीचं मोठं छायाचित्र तिथे लावा, कारण तिलाच कीड समजून चिरडलं जातं. एका बाजूला वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी स्थानिक फुलझाडांची पट्टी आणि तिच्याजवळ थोडी उघडी, न खणलेली जमीन राखा. मधमाश्यांच्या गोतावळ्यातल्या बहुसंख्य रानमाश्या पोळं बांधत नाहीत, जमिनीत बिळं करून राहतात. पाल्यानं सगळी जमीन झाकली तर त्यांची जागा जाते. आच्छादनाचा एवढा पुरस्कार केल्यावर हे सांगावं लागतं, त्याला इलाज नाही.

तर काय लावावं? वरच्या जोड्या ठरल्या की हे जवळजवळ आपोआप ठरतं. लवकर फरक दाखवणारी, लोकांना ओळखू येणारी पिकं: मुळा, पालक, घेवडा, काकडी, टोमॅटो. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात त्यांच्यापैकी कुणीही नको. फेरपालटीचा नकाशा आजच काढून ठेवा.

पाट्यांवर झाडाचं नाव असतंच, ते लहान अक्षरात चालेल. मोठ्या अक्षरात तीन ओळी हव्यात: काय तपासतोय, दोन्ही वाफ्यांत फरक काय, आज काय दिसतंय. तिसरी ओळ खडूनं, तारीख घालून, दर आठवड्याला बदलायची. जुन्या तारखेची पाटी म्हणजे बाग बंद पडल्याची जाहिरात. वाफा फसला तर रातोरात उपटून तिथे नवी रोपं लावू नका. ‘करपा पडला, रोपं फार दाट होती, हवा खेळली नाही’ असं लिहा आणि आठवडाभर तरी तसाच राहू द्या. लोक त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात, कारण तेच त्यांच्या घरी झालेलं असतं. फक्त संसर्ग पसरणारा रोग असेल तर एखादं रोप ठेवून बाकीची काढा.

माणसांबद्दल. हंगाम उलटला की निम्म्याहून कमी उरतील असं धरूनच आखा, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत. वाफ्यांच्या प्रत्येक जोडीला दोन पालक नेमा, एक नसला तर दुसरा. आठवड्याचा एक ठरलेला वार आणि ठरलेली वेळ, दोन तासांहून जास्त नाही. निरोप पाठवून दर वेळी नवी वेळ ठरवणारी मंडळं टिकत नाहीत. अवजारांच्या खोलीत एक जाड वही टांगा: तारीख, कोण आलं, किती झाऱ्या, काय दिसलं. ही वही कुणा एकाच्या मोबाइलमध्ये नको, कारण तो माणूस गाव सोडून गेला की बागेची स्मृतीही जाते.

शिकवण्याच्या बदल्यात काम, ही देवाणघेवाण चांगली चालते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घरगुती बागांविषयीचे प्रश्न इतके वाढले की कृषी विस्तार अधिकाऱ्यांना ते आवरेनात. त्यांनी इच्छुकांना नीट प्रशिक्षण दिलं आणि त्या बदल्यात ठरावीक तास लोकांना मार्गदर्शन करण्याची अट घातली. ‘मास्टर गार्डनर’ नावाचा तो उपक्रम पुढे देशभर पसरला. तुम्हालाही हे छोट्या प्रमाणात करता येईल. हंगामाच्या सुरुवातीला छाटणी, कलम, रोपं तयार करणं यांचे मोजके वर्ग जाणकाराकडून ठेवा, आणि वर्गात बसणाऱ्यानं हंगामभर एका जोडीचं पालकपद घ्यायचं. निमंत्रण सगळ्यांना, पण अट आधीच सांगायची.

भाजीपाला कुणाचा, हे बी पेरण्याआधी लिहून लावा. भांडणं तणावरून होत नाहीत, पहिल्या पिकलेल्या टोमॅटोवरून होतात. नियम कुठलाही चालेल: काम करणाऱ्यांना वाटून, गरजूंना, किंवा अर्धा-अर्धा. एक गोष्ट मात्र सोडायची नाही. वाफ्यातून काही तोडलं की आधी तिथल्याच काट्यावर वजन, मग वहीत नोंद, मग पिशवी. वजन न करता नेलेल्या भाजीबरोबर तुलनाही जाते. चोरी होईल, ती गृहीत धरा. कुंपणाबाहेरच्या बाजूला कुणीही तोडावं अशा पालेभाजीची एक पट्टी ठेवली आणि तसं स्पष्ट लिहिलं, तर आतल्या वाफ्यांना पुष्कळ शांतता लाभते.

उद्घाटन लागवडीच्या दिवशी करू नका. त्या दिवशी दाखवायला काळी माती आणि वीतभर रोपं असतात, पाहुणे फोटो काढून जातात आणि परत येत नाहीत. जोड्यांमधला फरक वाटेवर उभं राहून डोळ्याला दिसायला लागेल तेव्हा लोकांना बोलवा. टोमॅटोसारख्या पिकाला साधारण अडीच-तीन महिने धरा, म्हणजे पहिली फळंही लागलेली असतील. पाहुण्यांना दहा-बाराच्या गटानं आत सोडा, प्रत्येक जोडीपाशी तिचे पालक उभे राहतील आणि पाच मिनिटांत सांगून संपवतील. मुख्य वाटही दीड मीटरचीच आहे, याहून मोठा गट वाफ्यांत शिरतो. शाळेचा वर्ग आला तर अर्धा कंपोस्टपाशी आणि अर्धा बाटल्यांच्या टेबलापाशी, मग अदलाबदल. हात धुवायची सोय आणि थोडी सावली त्या दिवसापूर्वी झालेली असावी, भाषणाचं व्यासपीठ नसलं तरी चालेल.